जमीलभाईंनी घडवलेले वाद्य आणि माझी बाकीची मिळकत

लिहून ठेवणार : वनमाला सुग्रीव डोंगरे, वय एकोणसत्तर, पूर्वी ऑर्केस्ट्रा कलावंत, हल्ली घरकाम, राहणार माजलगाव, जिल्हा बीड.

मी वरील वनमाला हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, समजून-उमजून आणि राजीखुशीने लिहीत आहे. बीपीची गोळी आणि कपभर चहा याखेरीज पोटात काही नाही. डॉक्टरांनी परवा तपासून माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला, तो सोबत टाचला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की आमिष दाखवलेले नाही. यापूर्वी मी असे पत्र केलेले नाही. वकीलसाहेबांनी दोन पानांचा मसुदा टाइप करून दिला होता. त्यातली कायद्याची वाक्ये मी घेतली आहेत. पण त्यात माझ्या सिंथेसायझरला ‘एक जुने विद्युत उपकरण’ म्हटले होते, म्हणून बाकीचे मी माझ्या अक्षरात लिहीत आहे. हे पत्र माझ्या मृत्यूनंतर अमलात यावे. तोपर्यंत माझ्या वस्तूंना कोणी हात लावू नये.

कलम १. माझे पती सुग्रीव, मूळचे चकलांब्याचे, ढोलकी आणि पुढे ऑक्टोपॅड वाजवीत. ते २००९ साली हृदयविकाराने वारले. आम्हाला एकच मुलगा, प्रकाश, ज्याला सगळे पप्पू म्हणतात. तोच माझा वारस आहे. त्याचे माजलगावात खताचे दुकान आहे आणि तो सरळ माणूस आहे. पुढे त्याच्याबद्दल जे लिहिले आहे ते वाचताना हे वाक्य लक्षात ठेवावे.

कलम २. माजलगावातील माझे राहते घर, दोन खोल्या आणि मागची पत्र्याची शेड, हे सर्व पप्पूला द्यावे. शेडचा पत्रा दरवर्षी मी ओरडते म्हणून बदलायचा राहतो. आता ओरडायला कोणी नसेल, तेव्हा त्याने तो आधी बदलावा.

कलम ३. धर्मापुरी येथे माझ्या वडिलांची जमीन आहे. तीत कायद्याने माझा वाटा आहे. माझे बंधू विठ्ठलराव यांनी तीन वेळा हक्कसोडपत्रावर सही मागितली, मी केली नाही. मी ऑर्केस्ट्रात गेले तेव्हा त्यांनी गावात सांगितले की आम्हाला बहीण नाही. ज्याला बहीण नाही त्याला बहिणीची सही कशाला लागते, हे मी त्यांना विचारले. आई गेल्याचे मला तेरावा उलटून गेल्यावर कळले, तेही त्यांच्याकडून नाही. माझी भावजय छबुबाई दळणाचे निमित्त करून घराबाहेर पडली, परळीला आली आणि तिथून तिने मला निरोप पाठवला. ऑर्केस्ट्रा परळीला असला की ती मला भाकरी आणून द्यायची, स्टेजच्या मागच्या बाजूने.

म्हणून माझा वाटा मी छबुबाईला तिच्या एकटीच्या नावावर देते. जमीन घरातच राहील. फक्त विठ्ठलरावांना तिथे काही करायचे झाले तर बायकोला विचारावे लागेल.

कलम ४. स्टेजच्या साड्या, जरीच्या आणि टिकल्यांच्या, सुनेला द्याव्यात. तिने हसू नये. नेसायच्या नसतील तर उशांचे अभ्रे करावेत, टिकल्या काढून.

कलम ५. आता सिंथेसायझर. हा कोणाला आणि का, हे समजण्यासाठी थोडे मागून सांगावे लागेल.

माजलगावात धरणाचे काम चालू होते, वसाहत गजबजलेली होती, उसाचा पैसा येऊ लागला होता. त्या काळात अर्जुनरावांनी ‘सिंदफणा मेलडी’ हा ऑर्केस्ट्रा काढला. सुग्रीव ढोलकीला आणि मी गायला. मी पाच वर्षे गायले. मग गळ्यात गाठ झाली. ऑपरेशन व्यवस्थित झाले, जीव वाचला, पण आवाज परत आला तो आज आहे तसा, बसका, शेजारच्या खोलीतही न पोचणारा. डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, त्यांचा दोष नाही. मी घरी आले आणि बरेच दिवस कोणाशी बोललेच नाही. आवाज नसल्यामुळे ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

त्याच सुमारास अर्जुनरावांनी मुंबईहून जपानी बनावटीचा सिंथेसायझर आणला होता. वाजवायला औरंगाबादचा एक मुलगा ठेवला होता. पेटीवर दोन-चार स्वर एकदम दाबता येतात, तसे याचे नव्हते. एका वेळी एकच स्वर निघे. त्या मुलाला त्याचा राग यायचा. चकलांब्याच्या जत्रेचा कार्यक्रम तोंडावर आला आणि तो मुलगा पुण्याला निघून गेला.

सुग्रीव घरी येऊन मला म्हणाले, “तू पेटी वाजवतीस न्हवं? मग बस त्या मशीनवर.”

मी हातानेच नाही म्हटले.

“कावून न्हाई? वडलांनी शिकवली ती काय चूल फुंकायला शिकवली का?”

अर्जुनरावांना हे पटले नाही. बाई माइकवर शोभते, मशीनवर नाही, असे ते म्हणाले. पण दुसरा माणूस मिळेना.

दोन दिवस मी त्या मशीनची बटणे फिरवत बसले. ‘ग्लाइड’ लिहिलेले एक बटण होते. ते फिरवले की एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जाता येई. म्हणजे मींड. दुसऱ्या बटणाने आवाज तोंडावर हात ठेवल्यासारखा दबायचा आणि हात काढल्यासारखा उघडायचा. शेजारी एक चाक होते, त्याने स्वर हलवता येई. एका वेळी एकच स्वर, हा त्या मुलाला दोष वाटत होता. पण गळ्यातून तरी दोन स्वर कधी निघतात?

चकलांब्याला व्होल्टेज कमी-जास्त होत होते आणि त्याबरोबर मशीनचा सूर वर-खाली होत होता. मी डाव्या हाताने चाक धरून तो सांभाळत होते. बाईच्या आवाजातल्या गाण्याची पूर्ण ओळ मी त्यावर वाजवली, हरकतींसकट. समोरची माणसे माना वर करून पाहू लागली. गाणे संपल्यावर बायनाबाई नावाची एक म्हातारी सरळ स्टेजवर चढली आणि पडद्यामागे डोकावून आली.

“गानारी कुठं लपवली?” तिने मला विचारले.

मी मशीनकडे बोट केले. तिने त्यावर हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, “लई गरम हाय.” ते खरेच होते, तापल्याशिवाय ते सुरात येत नसे.

त्यानंतर सात-आठ वर्षे मी ते वाजवले. दुरुस्ती करीत जमीलभाई. शेख जमील शेख करीम, मोंढ्याजवळ त्यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. जनरेटरच्या झटक्याने मशीन बसले की ते तिथेच स्टेजखाली बसून उघडायचे. पुढे तर ते आमच्या टेम्पोतूनच फिरू लागले. मी सूर लावायची आणि ते पेचकस घेऊन आतले स्क्रू फिरवायचे. “और थोडा?” एवढेच ते विचारायचे. मी मान हलवायची. आमचे बहुतेक बोलणे असेच झाले.

मग डिजिटल कीबोर्ड आले. एका बटणात व्हायोलिन, एका बटणात बासरी, आणि सूर कधी हलत नाही. अर्जुनरावांनी बीडच्या दुकानात आमचा सिंथेसायझर जुन्याच्या बदल्यात देऊन नवीन कीबोर्ड घेतला. मला विचारले नाही. कार्यक्रमाला पोचल्यावर मी माझ्या जागेवर गेले, तर तिथे नवा कीबोर्ड आणि नवा मुलगा. अर्जुनराव म्हणाले, “वहिनी, तुम्ही आता बायकांच्या तिकिटाकडं बघा.” मी त्याच संध्याकाळी चकलांब्याच्या एसटीने सासरी निघून गेले.

मी माजलगावला परतले तोवर हे जमीलभाईंना कळले होते. ते बीडला त्या दुकानात गेले, पण मशीन मोडून भंगारात गेले होते. परत येऊन ते आमच्या दारात उभे राहिले आणि सुग्रीवांना म्हणाले, “भाई, उसका अंदर का सब मेरे दिमाग में है. भाबीची ती जुनी पेटी हाय ना घरात? ती द्या.”

ती माझ्या वडिलांची पेटी होती. भाता उंदरांनी खाल्ला होता, पट्ट्या चांगल्या होत्या. मी दिली. जमीलभाईंनी पट्ट्या काढून त्यांच्याखाली पितळेचे पातळ पत्रे बसवले. ट्रान्झिस्टर जुन्या रेडिओंतून घेतले, काही सुटे भाग हैदराबादहून आणले. पेटारा कूलरच्या पत्र्याचा केला. दुकानाची कामे मागे पडली, गिऱ्हाइके चिडली, त्यांच्या घरात भांडणे झाली. वर्षभराहून जास्त लागले. शेवटी त्यांनी ते शेडमध्ये आणून टेबलावर ठेवले, तापू दिले आणि मला म्हणाले, “बोलो, भाबी.” मी पट्टी दाबली. आधी नुसती घरघर आली. त्यांनी पेचकस फिरवला आणि स्वर निघाला. जपानी मशीनपेक्षा तो जरा जाड होता, माझ्या पूर्वीच्या आवाजासारखा. सुग्रीव बाहेर निघून गेले आणि थोड्या वेळाने डोळे धुऊन आत आले.

त्या मशीनला काम मात्र मिळाले नाही. सगळ्यांना नवीन आवाज हवे होते. मी शेडमध्ये एकटीच वाजवीत असे. जमीलभाई गेले, सुग्रीव गेले. पुढे एक दिवस मशीनचा आवाजच बंद झाला, आणि उघडणारा माणूस उरला नव्हता. मी त्यावर चादर घातली.

कलम ६. अर्जुनराव हयात आहेत, देव त्यांना आयुष्य देवो. मागच्या वर्षी त्यांच्या सत्कारात त्यांनी भाषणात सांगितले की मराठवाड्यात सिंथेसायझर प्रथम आपण आणला आणि तो ‘औरंगाबादचा एक हुशार मुलगा’ वाजवीत असे. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी मला पाहिले होते. पोस्टरवरही माझे नाव कधी वादक म्हणून आले नाही. आवाज गेल्यावरही ‘गायिका’च छापत राहिले. म्हणून चकलांब्याच्या जत्रेतला फ्रेम केलेला फोटो मी अर्जुनरावांना देते. त्यात मी मशीनवर आहे आणि ते मागे माइक धरून उभे आहेत. तो त्यांनी दिवाणखान्यात लावावा. नाही लावला तरी त्यांच्याकडे आहे हे त्यांना माहीत असेल, तेवढे पुरे.

कलम ७. जमीलभाईंची नात अदिबा, म्हणजे त्यांचा मुलगा आतिफ याची मुलगी, संभाजीनगरला इलेक्ट्रॉनिक्स शिकली. चार वर्षांपूर्वी ती माझ्या दारात आली. “आजी, दादाजींनी बनवलेलं ते मशीन तुमच्याकडं हाय म्हणतात. बघू का?”

मी चादर काढली. तिने चारही बाजूंनी वाकून पाहिले. मग म्हणाली, “आजी, जगात लोक असली जुनी मशीनं शोधत फिरायलेत, आणि हे तर कुठंच न्हाई.”

तिने दुरुस्ती सुरू केली, आणि ती पहिल्या दिवशी जमली नाही हे मुद्दाम लिहिते. दोनदा तिने आतले जाळले. दोनदा रडून गेली आणि दोनदा परत आली. पावसाळा संपता संपता आवाज निघाला. तिने मला वाजवायला बसवले आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून नेटवर टाकले. पुण्याहून, बंगळुरूहून मुलामुलींचे फोन येऊ लागले. डिजिटल चांगले असताना हे तुम्हाला कशाला हवे, असे मी एका मुलाला विचारले. तो म्हणाला, “त्यात सगळं आधीच ठरलेलं असतं, आजी. तुमच्या मशीनचा सूर जिवंत वाटतो.” मी त्याला सांगितले की बाबा, यात स्वर विजेतूनच निघतो, आणि माजलगावची वीज कधी स्थिर नव्हती. तो हसला. पण ते खरे होते.

आता अदिबा त्याच धर्तीची नवीन वाद्ये स्वतः हाताने बनवते आणि विकते. तिच्याकडे शाईस्ता नावाची मैत्रीण कामाला आहे. दोघींचे बरे चालले आहे.

कलम ८. गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर पुण्याहून एक गृहस्थ गाडी घेऊन आले. त्यांच्याकडे जुन्या वाद्यांचा संग्रह आहे. डिकीत थर्माकोल आणि दोऱ्या होत्या. मला वाटले पाहायला आले, पण ते न्यायला आले होते. पप्पूने त्यांना शब्द दिला होता.

ते सभ्य माणूस होते. म्हणाले, “आजी, काळजी करू नका. काचेत ठेवू. खोली कायम थंड असते. कोणी हात लावणार नाही.”

“हात लावनार न्हाई तर वाजंल कसं?” मी विचारले.

मग त्यांनी पप्पूकडे पाहिले, माझी माफी मागितली, चहा घेतला आणि रिकामी गाडी घेऊन गेले. पुढे त्यांनी अदिबाकडून एक नवीन वाद्य घेतले, आणि ते वाजवतात असे ऐकते.

ते गेल्यावर पप्पू माझ्याशी बोलला. आयुष्यात पहिल्यांदा मोकळा बोलला. “मला त्या मशीनचं तोंड बघू वाटत न्हाई, आई. मला कावीळ झालती, तवा तू नांदेडला वाजवत होतीस. शेजारच्या काकूनं मला उचलून दवाखान्यात नेलं. हे घरातनं गेलं तर मला बरं वाटंल.”

मी म्हटले, “कार्यक्रम होता, पप्पू. घर त्याच्यावर चालायचं.”

“ते मला बी ठावं हाय.”

तो म्हणतो ते खरे आहे आणि मी म्हणते तेही खरे आहे. दोन्ही इथे लिहून ठेवते. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी येऊन जेवला.

याच दिवसांत आतिफही आला. शेख आतिफ शेख जमील, मोटार रिवाइंडिंग करतो. तो म्हणाला, “काकू, आतलं सगळं अब्बाचं हाय. हे आमच्या घरी पायजे.”

मी म्हटले, “मग माझ्या वडलांच्या पट्ट्या काढून दे आणि आतलं ने.”

तो पट्ट्यांकडे पाहत उभा राहिला. पट्ट्यांशिवाय आतले मुके, आणि आतल्याशिवाय पट्ट्या मुक्या, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. तो निघून गेला आणि वर्षभर आमच्या घरी आला नाही.

कलम ९. सबब, जमीलभाईंनी घडवलेला सिंथेसायझर, पेटारा, पट्ट्या आणि आतल्या सर्व भागांसह, मी अदिबा आतिफ शेख हिला देते. अटी अशा. तो काचेत ठेवू नये. वाजवण्यापूर्वी तापू द्यावा. शिकायला कोणी आले, विशेषतः घरात पेटी वाजवणारी मुलगी आली, तर तिला बसू द्यावे. मशीनवर दोन नावे कोरावीत, बनवणार शेख जमील आणि वाजवणार वनमाला. अदिबाच्या नवीन वाद्यांवर माझे नाव नको, ती तिची आहेत. ते बिघडले आणि दुरुस्त होण्यासारखे उरले नाही, तर पट्ट्या एखाद्या पेटीवाल्याला द्याव्यात.

कलम १०. या पत्राची अंमलबजावणी माझा मुलगा पप्पू याने करावी. वकीलसाहेब म्हणाले, दुसरा कोणी नेमा. मी नेमत नाही. मशीन त्याने स्वतः उचलून अदिबाच्या दुकानात नेऊन द्यावे. जड आहे, शाईस्ताने दुसरी बाजू धरावी. मी त्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “नेईन. पन तू आत्ताच कुठं चाललीस?” एवढ्यावर मी समाधानी आहे.

माझ्या तेराव्याला डीजे लावू नये.

कलम ११. साक्षीबद्दल. उद्या कोणी म्हणू नये की जमीलभाईंच्या मुलाला विचारले नाही, म्हणून मी आतिफला निरोप पाठवला. येईल असे वाटत नव्हते. आज दुपारच्या नमाजनंतर तो आला. शेजारचे तात्याबा गिरी आधीच येऊन बसले होते. आतिफने हे पत्र इथपर्यंत सगळे वाचले, त्याच्याबद्दलचेही. मग पेन हातात घेऊन तसाच बसला.

“काकू, सही करतो. पन मी हे वाजताना कधी ऐकलंच न्हाई. अब्बा बनवत होते तवा घरात रोज भांडनं. मी रागानं मामाकडं गेलतो. पुन्हा ऐकायची इच्छा झाली न्हाई.”

अदिबाने मशीन लावले. तापेपर्यंत आम्ही चहा घेतला. मी माझ्या आईची जात्यावरची ओवी वाजवली. ती कार्यक्रमात कधी वाजवली नव्हती. फक्त सूर लावताना, जमीलभाई पेचकस फिरवीत असत तेव्हा, वाजवीत असे.

आतिफ खाली फरशीकडे पाहत होता. वाजवून झाल्यावरही त्याने मान वर केली नाही.

“अब्बा रात्री घरी काम करताना शीळ घालायचे,” तो म्हणाला. “हीच चाल. मी लहानपनी हीच ऐकत झोपायचो. मला वाटायचं त्यांचीच हाय.”

“माझ्या आईची हाय,” मी म्हटले.

“आसंल,” तो म्हणाला. “आमच्या घरात बी होती.”

मग त्याने चष्मा पुसला आणि सही कुठे करायची ते विचारले.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांनी वाचला आणि तो खरा आहे. त्यांच्या समक्ष मी सही केली आणि माझ्या समक्ष त्यांनी केली.

स्थळ : माजलगाव, माझ्या घरामागची शेड
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

सही : वनमाला सुग्रीव डोंगरे, सिंथेसायझर वादक

साक्षीदार
१. तात्याबा लक्ष्मण गिरी, राहणार माजलगाव
२. शेख आतिफ शेख जमील, राहणार माजलगाव